उन्हात टिकणारी बाहुली : खानदेशासाठी चिकटद्रव्यांची निवड

तापीच्या खोऱ्यात वैशाख उतरला, की जळगाव, भुसावळ, यावल, रावेर या पट्ट्यात दुपारचे तापमान ४३ ते ४५ अंश सेल्सिअसपर्यंत चढते. काही वर्षी त्याहीपुढे जाते. धुळे, शिरपूर, शिंदखेडा येथील अनुभवही फारसा निराळा नाही. उत्तरेस सातपुड्याची भिंत, सभोवार काळी जमीन आणि समुद्रापासूनचे अंतर यांमुळे खानदेशचा उन्हाळा प्रखर तर असतोच, शिवाय तो अतिशय कोरडाही असतो. या उन्हाळ्याचा विचार करूनच येथील केळीबागाईतदार बागेच्या कडेने शेवरी लावतो आणि बाजाराचे व्यवहार सकाळ-संध्याकाळकडे सरकतात. एका लहानशा कामात मात्र त्याचा विचार क्वचितच होतो. ते काम म्हणजे बाहुल्या घडविण्याचे.

शिक्षणात व लोकप्रबोधनात बाहुलीचा उपयोग आता सर्वमान्य झाला आहे. नवी दिल्ली येथे १९७९ मध्ये स्थापन झालेल्या सांस्कृतिक स्रोत आणि प्रशिक्षण केंद्राने शिक्षकांच्या प्रशिक्षणात बाहुलीकलेचा आवर्जून समावेश केला. स्वच्छता, लसीकरण, पाणीबचत यांसारखे विषय गावातील मुलांना व प्रौढांना बाहुलीच्या तोंडून चटकन पटतात. परंतु शिक्षकाने चार संध्याकाळ खपून तयार केलेली बाहुली पत्र्याच्या पेटीतून आडगावी न्यावी आणि ऐन प्रयोगाच्या वेळी तिचे नाक सुटलेले, जबडा निसटलेला किंवा केस घरंगळलेले आढळावेत, असे उन्हाळ्यात वारंवार घडते. रंग व कापड उत्तम असूनही बाहुली निकामी होते. तिची दुरुस्ती होऊ शकली नाही, तर बाहुल्यांचा तो उपक्रमच शाळेतून बंद पडतो. बहुतेक वेळा या अपयशाचे मूळ चुकीच्या चिकटद्रव्यात असते.

बाहुलीस किती उष्णता सोसावी लागते?

हवामान खाते देते ते सावलीतील हवेचे तापमान. बाहुली ज्या जागी ठेवली जाते, तेथील उष्णता याहून बरीच अधिक असते. उन्हात उभ्या असलेल्या बंद मोटारीत तासाभरात तापमान ६० अंशांच्या पलीकडे जाऊ शकते. टपावर बांधलेली पत्र्याची पेटी व पत्र्याच्या छपराखालील माळा यांची गतही तीच. गडद रंगाचा पृष्ठभाग ऊन अधिक शोषतो. म्हणून काळ्या केसांच्या वा काळ्या चेहऱ्याच्या बाहुलीतील गोंद गोऱ्या बाहुलीतील गोंदापेक्षा अधिक तापतो. रंगमंचावर हॅलोजनचा दिवा जवळ असल्यास त्याची धग निराळी. एलईडी दिव्यांची धग त्या मानाने पुष्कळच कमी असते.

तेव्हा खानदेशात बाहुलीचा गोंद निवडताना ४५ अंशांचा हिशेब पुरेसा नाही. पेटीतील ६० ते ७० अंशांत, बाहुलीचे वजन अंगावर असताना, तो काही तास धरून राहील काय, असा प्रश्न विचारला पाहिजे.

उष्णतेइतकेच कोरडेपणाकडेही लक्ष हवे. कोरड्या हवेत लाकूड आकसते, कागदाचा लगदा कडक होतो, ठिसूळ गोंदास तडे जातात. पुढे पावसाळ्यात तेच लाकूड ओल शोषून फुगते. हिवाळ्यात धुळ्यास किमान तापमान अनेकदा १० अंशांखाली येते. वर्षभरात बाहुलीचे अवयव असे आकसत व फुगत असतात. त्यांना जोडणारा गोंद उष्णतेस न वितळणारा तर हवाच, पण शक्य तेथे किंचित लवचीकही हवा.

गोंद धरतो कसा?

बाजारात चिकटद्रव्यांची नावे अनेक असली, तरी ती घट्ट होण्याच्या रीती मुख्यतः तीन आहेत.

पहिली रीत थंड होऊन घट्ट होण्याची. मेण, लाख, राळ आणि हल्ली घरोघरी पोहोचलेल्या ग्लू गनमधील कांड्या या वर्गात येतात. त्या तापवून पातळ करतात व थंड झाल्या की घट्ट होतात. जे थंडीने धरते ते उष्णतेने सुटते, हा यांचा स्वभावच होय. मधमाश्यांचे मेण सुमारे ६२ ते ६५ अंशांवर वितळते आणि त्याच्या बरेच आधी मऊ पडते. लाख ६५ ते ७० अंशांच्या सुमारास मऊ होऊ लागते. ग्लू गनच्या सामान्य कांड्याही ६० ते ८० अंशांच्या दरम्यान आपली पकड सोडू लागतात.

दुसरी रीत वाळून घट्ट होण्याची. कणकेची खळ, चिंचोक्याची खळ, बाभळीचा डिंक, सुताराचा पांढरा गोंद व चर्मकाराचे रबरी सोल्युशन हे या वर्गातील होत. त्यांतील पाणी किंवा अन्य द्रव उडून गेला, की मागे उरलेला पदार्थ दोन पृष्ठभाग धरून ठेवतो. तो उष्णतेत कसा वागेल, हे त्या उरलेल्या पदार्थावर अवलंबून असते. खळीतील स्टार्च वितळत नाही. अतिउष्णतेत तो जळतो. पांढऱ्या गोंदातील कृत्रिम राळ मात्र तापली की हळूहळू मऊ होते.

तिसरी रीत रासायनिक क्रियेने घट्ट होण्याची. दोन नळ्यांतील द्रव्ये समप्रमाणात मिसळून वापरावयाचा इपॉक्सी गोंद व हाताने मळून लावावयाची इपॉक्सी लांबी ही याची परिचित उदाहरणे होत. एकदा घट्ट झालेला हा पदार्थ पुन्हा वितळत नाही.

या भेदाचे एक बोलके उदाहरण सातपुड्याच्या जंगलातच सापडते. तेथून गोळा होणारा धावड्याचा डिंक पाण्यात विरघळतो, पण उष्णतेने वितळत नाही. सालईचा डिंक मात्र राळमिश्रित असतो; तो उष्णतेने मऊ होतो, म्हणूनच धुपासारखा जाळला जातो. दोघांनाही डिंक म्हटले जात असले, तरी बाहुलीच्या दृष्टीने त्यांचे गुण परस्परविरोधी आहेत. चिकटद्रव्याची निवड नावावरून न करता त्याच्या स्वभावावरून करावी, ती यासाठीच.

परंपरेने केलेली निवड

खानदेशाच्या पश्चिमेस, साक्री तालुक्याच्या डोंगराळ पट्ट्यापासून गुजरातेतील डांगापर्यंत आणि दक्षिणेकडे नाशिक व पालघर जिल्ह्यांच्या आदिवासी भागात, भोवाड्याचा उत्सव होतो. काही ठिकाणी त्यास बोहाडा म्हणतात. देवदेवता, राक्षस व पशुपक्षी यांचे मुखवटे घालून सोंगे रात्रभर नाचविली जातात. हे उत्सव मुख्यतः होळीनंतरच्या उन्हाळ्यात होतात. पूर्वी प्रकाश असे तो मशाली व टेंभ्यांचा. म्हणजे दिवसा उन्हाळ्याची उष्णता आणि रात्री तोंडाशी आलेली ज्योत, अशी दुहेरी परीक्षा या मुखवट्यांना द्यावी लागे. ते लाकडाचे किंवा कागदाच्या लगद्याचे असतात. लगदा बांधण्यासाठी खळीसारखी वितळून न जाणारी द्रव्ये वापरण्याची रीत येथील हवामानास साजेशीच आहे.

चिंचोक्याची खळ विशेष उल्लेखनीय आहे. चिंचोके भाजून त्यांचे टरफल काढावे, रात्रभर पाण्यात भिजवावेत, बारीक वाटून मंद आचेवर शिजवावेत आणि सतत ढवळत राहावे. घट्ट, चिवट खळ तयार होते. वाळल्यावर तिचा पापुद्रा कणकेच्या खळीपेक्षा अधिक मजबूत असतो. भारतातील सूत व ताग गिरण्यांनी सुतास खळ देण्यासाठी चिंचोक्याचे पीठ वापरले, ते याच गुणामुळे. जळगाव, अमळनेर व धुळे येथे एके काळी कापडगिरण्या नांदत होत्या. सुतास खळ देणे म्हणजे काय, हे येथील जुन्या पिढीस सांगावे लागत नाही.

कणकेची वा ज्वारीच्या पिठाची खळही कागदकामास पुरेशी आहे. पिठातील स्टार्चचे कण साधारणतः ६० ते ७५ अंशांच्या दरम्यान पाणी शोषून फुगतात. म्हणून खळ पारदर्शक दिसू लागेपर्यंत ती शिजविणे आवश्यक असते. अर्धकच्ची खळ वाळल्यावर भुगा होऊन गळते.

खळीचे शत्रू दोन : ओल आणि कीड. लगद्यात भिजवून वाटलेली मेथी मिसळण्याची चाल आहे. मेथीमुळे लगदा चिवट होतो आणि तिच्या कडवटपणाने कीड दूर राहते, असे कारागीर मानतात. पुस्तक बांधणारे खळीत मोरचूद घालतात. परंतु मोरचूद विषारी असल्याने मुलांच्या हाताळण्यातील बाहुल्यांसाठी ते वापरू नये. बाहुली रंगवून वर वार्निशचा पातळ हात दिल्यास ओल आत शिरत नाही.

सरसाविषयी मात्र सावध असावे. जनावरांचे कातडे व हाडे यांपासून होणारा सरस सुतारकामात पिढ्यान्‌पिढ्या वापरला गेला आहे. पण अत्यंत कोरड्या हवेत तो ठिसूळ होऊन तडकतो आणि पावसाळी दमट हवेत मऊ पडतो. खानदेशात ही दोन्ही टोके एकाच वर्षात अनुभवास येतात. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळी येथे ठाकर आदिवासी समाजाने लाकडी कळसूत्री बाहुल्यांची व चामड्याच्या छायाबाहुल्यांची परंपरा जतन केली असून, तीसाठी झटणारे परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्रीने गौरविण्यात आले. कोकणातील त्या बाहुल्यांचा झगडा मुख्यतः दमटपणाशी असतो. एका प्रदेशात टिकलेले चिकटद्रव्य दुसऱ्या प्रदेशात जसेच्या तसे उचलणे म्हणूनच शहाणपणाचे नव्हे.

बाजारातील चिकटद्रव्ये

पांढरा गोंद : फेविकॉल हे नाव १९५९ पासून बाजारात आहे आणि पांढऱ्या गोंदास आता बहुधा त्याच नावाने ओळखले जाते. लाकूड, कागद व कापड यांसाठी हा गोंद सोयीचा, बिनवासाचा व मुलांच्या हाती देण्याजोगा असतो. सामान्य प्रकारचा गोंद ४०-५० अंशांपुढे हळूहळू मऊ पडू लागतो आणि सतत ताण असलेल्या सांध्यात सरकतो. चेहऱ्यावर कागदाचे थर चढविण्यास तो योग्य. पण लोंबणाऱ्या वजनदार हातापायांचा भार एकट्या त्याच्यावर टाकू नये. पाण्यास व उष्णतेस अधिक टिकणारे त्याचे प्रकारही मिळतात. डब्यावरील माहिती वाचून ते निवडावेत.

रबरी सोल्युशन : चप्पल-बुटांच्या दुरुस्तीत वापरला जाणारा हा गोंद कृत्रिम रबराचा असतो. दोन्ही बाजूंस पातळ थर लावून, तो हातास चिकटेनासा झाल्यावर दोन्ही भाग दाबून जोडतात. वाळल्यावर तो लवचीक राहतो. कापड, चामडे, स्पंज व केसांचा टोप यांसाठी तो उत्तम असून पेटीतील उष्णतेतही पांढऱ्या गोंदापेक्षा अधिक तग धरतो. मात्र त्यातील द्रव ज्वालाग्राही असतो व त्याची वाफ श्वसनास अपायकारक असते. थर्मोकोलला तो लावल्यास थर्मोकोलच विरघळतो. सजावटीच्या थर्मोकोलवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी असल्याने बाहुल्यांसाठीही कागदाचा लगदा, वाळलेला भोपळा किंवा हलके लाकूड यांकडे वळणे इष्ट.

इपॉक्सी : लाकडात बसविलेली तार, जबड्याची बिजागरी, दोऱ्या अडकविण्याची कडी अशा धातू व लाकूड यांच्या सांध्यांसाठी हा सर्वांत विश्वसनीय होय. साध्या प्रकाराची ताकद ६० अंशांच्या पुढे काहीशी कमी होते, पण तो वितळून वाहत नाही. दोन्ही द्रव्यांचे प्रमाण चुकल्यास तो कायमचा चिकट राहतो. पाच मिनिटांत घट्ट होणाऱ्या प्रकारापेक्षा सावकाश घट्ट होणारा प्रकार बहुधा अधिक टिकाऊ ठरतो. त्यास पूर्ण एक दिवस द्यावा.

ग्लू गन : तालमीच्या वेळी तात्पुरते जोडकाम करण्यास हे साधन सोयीचे आहे. उन्हाळ्यात प्रवास करणाऱ्या बाहुलीच्या कायम सांध्यासाठी ते वापरू नये. उन्हाळ्यात सुटलेल्या नाका-कानांची कारणे शोधू गेल्यास पुष्कळदा शोध येथेच संपतो.

सांधा कसा असावा?

उत्तम चिकटद्रव्यही वाईट सांधा वाचवू शकत नाही. गोंदावर सरळ ओढ पडेल अशी जोडणी टाळावी व भार शक्यतो दोरा, खुंटी किंवा तार यांवर पडेल अशी योजना करावी. हात धडास नुसता चिकटविण्याऐवजी धडास छिद्र पाडून मजबूत दोऱ्याने बांधावा आणि गोंद केवळ गाठ पक्की करण्यासाठी लावावा. मान बसविताना लाकडी खुंटी मस्तकात खोलवर घालावी. केसांसाठी केळीच्या खोडाचा धागा जळगाव जिल्ह्यात सहज मिळण्यासारखा आहे. त्याच्या जुड्या आधी कापडी पट्टीवर शिवून मग ती पट्टी मस्तकावर चिकटवावी. एकेक केस चिकटवीत बसण्यापेक्षा हे काम लवकर होते व अधिक टिकते.

काम करण्याची वेळही महत्त्वाची. मे महिन्याच्या दुपारी खळ वा पांढरा गोंद लावल्यास वरचा पापुद्रा पाहता पाहता वाळतो व आत ओल कोंडते. लगद्याचा चेहरा अशाने वाकडा होतो. काम सकाळी करावे, थर पातळ द्यावेत आणि प्रत्येक थर सावलीत वाळू द्यावा. उन्हात ठेवल्याने एक दिवस वाचतो खरा, पण तडे गेलेला चेहरा पुन्हा घडवावा लागतो.

वर्गात करावयाची चाचणी

गोंद कोणता चांगला, याचा निर्णय ऐकीव माहितीवर सोडण्याचे कारण नाही. उच्च प्राथमिक वर्गातील विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली पुढील चाचणी सहज करू शकतील.

१. लाकडाच्या अडीच सेंटीमीटर रुंदीच्या समान पट्ट्या घ्याव्यात. दोन पट्ट्यांची टोके एकमेकांवर अडीच सेंटीमीटर येतील अशी ठेवून जोडावीत. प्रत्येक चिकटद्रव्याच्या तीन जोड्या कराव्यात व त्यांवर नाव लिहावे.

२. सर्व जोड्या सावलीत दोन दिवस पूर्ण वाळू द्याव्यात.

३. पत्र्याच्या पेटीत आडवी काठी बसवून जोड्या तिला टांगाव्यात. प्रत्येकीच्या खालच्या टोकास अर्धा किलो वजनाची वाळूची पिशवी बांधावी.

४. पेटीत १०० अंशांपर्यंत मोजणारा प्रयोगशाळेतील तापमापक ठेवून ती दुपारी बारा ते चार उन्हात ठेवावी. ताप मोजण्याचा घरगुती तापमापक येथे वापरू नये, तो फुटेल.

५. दर तासाने तापमान व सुटलेल्या जोड्या यांची नोंद करावी. सांधा सुटला नसला तरी किती सरकला, हे पेन्सिलीच्या खुणेवरून मोजावे. हाच क्रम तीन दिवस चालवावा.

शेजारच्या खोलीत सावलीत तशाच जोड्या टांगून ठेवल्यास दोहोंची तुलना होईल. पदार्थांचे गुणधर्म, तापमान, भार व निरीक्षणाची शिस्त असे विज्ञानाचे चार धडे या एकाच उपक्रमातून मिळतात आणि शाळेच्या बाहुल्यांसाठी योग्य चिकटद्रव्यही निश्चित होते.

सुरक्षिततेची पथ्ये

टिकाऊपणाच्या मागे लागून मुलांच्या आरोग्याकडे दुर्लक्ष होता कामा नये. रबरी सोल्युशन व इपॉक्सी यांचे काम मोठ्यांनीच, उघड्या व हवेशीर जागी, चूल, दिवा व विडी-सिगारेटपासून दूर करावे. सोल्युशनचा डबा उन्हात किंवा मोटारीत ठेवू नये. उरलेला डबा कुलपात असावा. इपॉक्सी हातास लागू नये म्हणून हातमोजे वापरावेत. खळ, लगदा व पांढरा गोंद यांचे काम विद्यार्थ्यांकडे सोपवावे. बाहुलीच्या सौंदर्याचा बहुतेक भाग याच कामात असल्याने मुलांचे काही उणे होत नाही.

बाहुली ने-आण करताना पेटीस आतून जुने कापड वा गोणपाट लावावे, बाहेरून पांढरा रंग द्यावा आणि ती टपावर न ठेवता माणसांबरोबर आत ठेवावी. प्रयोगास निघताना सुई-दोरा व खळीची लहान डबी जवळ असावी.

चेहऱ्यासाठी चिंचोक्याची किंवा कणकेची खळ, कापड-केसांसाठी रबरी सोल्युशन, तार-लाकडासाठी सावकाश घट्ट होणारा इपॉक्सी आणि भार पेलण्यासाठी दोरा व खुंटी, ही विभागणी जळगाव-धुळ्याच्या उन्हाळ्यास मानवणारी आहे. तीतील सर्वांत स्वस्त द्रव्य घरच्या चिंचेखालीच मिळते. एप्रिलमध्ये घडविलेली बाहुली जूनमध्ये शाळा उघडताना नव्या मुलांसमोर धड उभी राहिली, तर शिक्षकाचे श्रम सार्थकी लागतील आणि पुढच्या वर्षी नवी बाहुली घडविण्याचा हुरूपही टिकून राहील.